फेरबांधणी केलेल्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील दोषांचे निदान

मुंबईच्या उपनगरांतील मोटार दुरुस्तीचा व्यवसाय दीर्घकाळ एकाच जातीच्या यंत्राच्या सहवासात वाढला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कारखान्यातून बाहेर पडणारी पद्मिनी, तिची स्टीअरिंगलगतची गिअरदांडी आणि पायाखालचा क्लच यांवर अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या गॅरेजांतील कारागिरांचा हात बसला. ऑक्टोबर २०२३ मध्ये या जातीच्या टॅक्सीने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. तिच्या गिअरबॉक्सचे निदान बहुतांशी कानाने होत असे. दाते झिजले की आवाज येई, बेअरिंग गेले की घरघर सुरू होई, आणि जाणता मिस्त्री बोनेट न उघडताच दोष सांगत असे.

स्वयंचलित गिअरबॉक्सपुढे हे कानाचे ज्ञान अपुरे पडते. येथे गिअर बदलण्याचे काम हात करीत नाही, तेलाचा दाब करतो. जहाजांसाठी हर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये ज्या द्रवचालित यंत्रणेचे पेटंट घेतले, तिच्यातून पुढे टॉर्क कन्व्हर्टर मोटारीत आला. तर १९३९ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ या नावाने मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आणला. त्यानंतर रचना पुष्कळ सुधारली, तथापि मूळ तत्त्व टिकून आहे. पंप तेलाला दाब देतो, व्हॉल्व्ह बॉडी त्या तेलाला वाट दाखवते, आणि ते तेल ज्या क्लचच्या पिस्टनमागे पोचते तो क्लच आवळला जाऊन त्याचा गिअर लागतो. या विवेचनात हाच प्रकार अभिप्रेत आहे. भारतात २०१४ मध्ये मारुती सेलेरियोबरोबर आलेली ‘एएमटी’ ही वस्तुतः साध्या गिअरबॉक्सला बसविलेली यांत्रिक हातांची जोडी असून तिचे निदान निराळे.

गॅरेजच्या भाषेत इंजिन किंवा गिअरबॉक्स ‘बांधतात’. तेव्हा एकदा खोलून पुन्हा बांधलेल्या गिअरबॉक्सला फेरबांधणीचा गिअरबॉक्स म्हणणे योग्य होय. असा गिअरबॉक्स गाडीत चढल्यावर ‘झटका देतो’, ‘गिअर उशिरा टाकतो’ किंवा ‘ओढत नाही’ अशी तक्रार आली, की बहुतेक ठिकाणी पहिला विचार तो पुन्हा उतरविण्याचा होतो. नुकसानीचा आरंभ येथेच होतो. उतरविणे, खोलणे, नवे गॅस्केट व सील घालणे आणि पुन्हा चढविणे यांत कारागिराचे कित्येक दिवस जातात. दोष बाहेरचा असेल तर सर्व परिश्रम करूनही तो जागच्या जागी राहतो. मालक दुसऱ्यांदा पैसे देतो आणि कारागिराचा लौकिक जातो.

झिजलेल्या गिअरबॉक्समध्ये दोषाचे कारण बहुधा वापर हे असते. फेरबांधणीनंतर मात्र तीन ठिकाणी पाहावे लागते. दोष गिअरबॉक्सच्या बाहेर असू शकतो. तो जुन्या बिघाडातून मागे राहिलेला असू शकतो. अथवा बांधणाऱ्या हाताने तो आत ठेवलेला असू शकतो. शोधाचा क्रमही हाच असावा, कारण पहिल्या ठिकाणचा शोध जवळजवळ फुकट होतो आणि तिसऱ्या ठिकाणचा सर्वांत महाग पडतो.

खोलण्यापूर्वीची तपासणी

पहिला प्रश्न तेलाचा. गाडी सपाट जागी उभी करून, गिअरबॉक्स कामाच्या तापमानाला आल्यावर आणि बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच तेलाची पातळी पाहावयाची असते. थंड इंजिन बंद करून डिपस्टिक पाहण्याची सवय येथे फसवते. फेरबांधणीनंतर रिकामा टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलर बरेच तेल पिऊन घेतात, त्यामुळे प्रथम भरलेले तेल काही मिनिटांत कमी भरते. पातळी कमी असली तर पंप हवा ओढतो आणि सर्वच क्लच घसरू लागतात. पातळी अधिक असली तर फिरणारे भाग तेल घुसळून फेस करतात आणि परिणाम तोच होतो. तेलाची जातही उत्पादकाने सांगितलेलीच हवी. दोन लाल तेले डोळ्याला सारखी दिसली तरी त्यांतील घर्षण नियंत्रित करणारी द्रव्ये वेगळी असतात, आणि चुकीच्या तेलाने नवा क्लचही थरथरतो.

तेलाचा रंग पुष्कळ काही सांगतो. तपकिरी रंग आणि जळका वास म्हणजे क्लचचे अस्तर जळत आहे. दुधाळ गुलाबी रंग म्हणजे पाणी. या दुसऱ्या प्रकाराकडे उपनगरांत विशेष लक्ष द्यावे लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि उपनगरांत असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अंधेरीचा भुयारी मार्ग तर साध्या मुसळधार पावसातही तुंबतो. गिअरबॉक्सच्या माथ्यावर हवा जाण्यासाठी बारीक वाट ठेवलेली असते. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात बुडून एकदम थंड झाला की आतील हवा आकसते आणि त्याच वाटेने पाणी आत ओढले जाते. क्लच प्लेटचे अस्तर कागदासारख्या पदार्थाचे असून पोलादी चकतीवर चिकटविलेले असते. पाण्याने ते फुगते, सुटते आणि त्याचा गाळ होऊन व्हॉल्व्हमध्ये अडकतो. अशा वेळी नुसते तेल बदलून गाडी सोडणे म्हणजे बिघाड पुढे ढकलणे होय. पाऊस नसतानाही तेल दुधाळ झाले, तर रेडिएटरच्या टाकीतील तेलाचा कूलर फुटून शीतक द्रव मिसळत आहे काय, ते पाहावे. हा कूलर तसाच ठेवून आतील सर्व प्लेटा बदलल्या, तर नव्या प्लेटांचीही तीच गत होते.

तेलानंतर दांडीची केबल. ती किंचित जरी सरकलेली असली, तरी दांडी ‘डी’वर असूनही आतील व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही आणि दाब अर्धवट पोचतो. जुन्या रचनेत अॅक्सिलरेटरशी जोडलेली आणखी एक केबल असते. ती फार सैल असेल तर गिअर लवकर आणि घसरत पडतात, फार ताणलेली असेल तर उशिरा आणि झटक्याने. गिअरबॉक्स उतरविताना या दोन्ही केबली काढाव्या लागतात, म्हणूनच फेरबांधणीनंतर त्यांची जुळणी बिघडलेली सापडते. इंजिनच मुळात कमी ताकदीचे चालत असेल, तर त्याचाही दोष गिअरबॉक्सच्या माथी मारला जातो.

अलीकडच्या गाड्यांत संगणक सोलेनॉइडांमार्फत तेलाच्या वाटा उघडतो व बंद करतो. त्याला एखाद्या संवेदकाकडून विसंगत संदेश मिळाला, तर तो गाडी एकाच गिअरवर रोखून धरतो. मालकाला गिअरबॉक्स गेला असे वाटते. प्रत्यक्षात जोडणीतील एक पिन वाकलेली असते. शिवाय जुन्या, झिजलेल्या क्लचसाठी संगणकाने शिकून ठेवलेले अंदाज पुसून टाकले नाहीत, तर नव्या क्लचवर तो गरजेपेक्षा अधिक दाब देतो आणि प्रत्येक बदलाला झटका बसतो. संगणकातील दोषसंकेत वाचण्याचे आणि हे अंदाज पुसण्याचे काम स्कॅनरवर काही मिनिटांत होते.

कोणता गिअर, कोणता क्लच

येथपर्यंत दोष सापडला नाही तर रस्त्यावर जावे लागते. साकीनाक्याच्या किंवा लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या गर्दीत ही चाचणी होत नाही, कारण तिसरा गिअर पडण्याइतका वेगच मिळत नाही. घाटकोपर ते मुलुंड हा पूर्व द्रुतगती महामार्गाचा टप्पा पहाटे या कामास योग्य. चालविणारा एक आणि नोंद करणारा दुसरा, अशी दोन माणसे हवीत.

या नोंदीचा उपयोग कसा होतो, हे जुन्या तीन गिअरच्या सिम्प्सन रचनेवरून उत्तम समजते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिक्षकांनी फळ्यावर तक्ता काढून शिकवावा असा हा भाग आहे. या रचनेत फॉरवर्ड क्लच पुढच्या तिन्ही गिअरमध्ये आवळलेला असतो. डायरेक्ट क्लच फक्त तिसऱ्यात आणि रिव्हर्समध्ये आवळतो. मधला बँड दुसऱ्यासाठी असतो. मागचा ब्रेक रिव्हर्समध्ये आणि दांडी ‘एल’वर ठेवलेल्या पहिल्या गिअरमध्ये काम करतो. दांडी ‘डी’वर असताना मात्र पहिल्या गिअरचा भार वन-वे क्लच, म्हणजे एकाच दिशेने अडणारा क्लच, सांभाळतो.

आता गाडी पहिल्या-दुसऱ्यात नीट चालते, परंतु तिसऱ्यात इंजिन मोकळे उधळते आणि रिव्हर्सही घसरतो, अशी नोंद झाली असे समजू. तिसरा आणि रिव्हर्स यांत समान असणारा भाग एकच, तो डायरेक्ट क्लच. ‘डी’वर गाडी उठत नाही, पण ‘एल’वर उठते, तर वन-वे क्लच, फेरबांधणीत तो उलटा बसविला गेला असण्याचा संभव मोठा. पुढचे सर्व गिअर घसरतात आणि रिव्हर्स चांगला आहे, तर फॉरवर्ड क्लच. सर्वच गिअर घसरतात तेव्हा एखाद्या क्लचला दोष देणे व्यर्थ. पंप, फिल्टर, दाब किंवा तेलाची पातळी पाहावी. चार, सहा किंवा आठ गिअरच्या आधुनिक रचनांत तक्ता मोठा होतो, परंतु तर्क हाच राहतो. प्रत्येक गिअरबॉक्सचा असा तक्ता त्याच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेला असतो. तो न पाहता निदान करणे हे अंधारात बाण मारण्यासारखे आहे.

दाबमापकाची साक्ष

रस्त्यावरील अनुमान दाबमापकाने पडताळता येते. गिअरबॉक्सच्या अंगावर त्यासाठी बूच असलेले छिद्र असते. दाब सर्व स्थितींत कमी असेल तर पंप, फिल्टर किंवा दाब-नियामक व्हॉल्व्ह, केवळ ‘डी’मध्ये कमी असेल तर फॉरवर्ड क्लचच्या वाटेत गळती, केवळ रिव्हर्समध्ये कमी असेल तर डायरेक्ट क्लच अथवा मागच्या ब्रेकच्या वाटेत. दांडी हलविल्यापासून गिअर लागेपर्यंतचा वेळही मोजावा. टोयोटाच्या अनेक पुस्तिकांत ‘डी’साठी १.२ सेकंद आणि रिव्हर्ससाठी १.५ सेकंद ही मर्यादा दिलेली आढळते. ब्रेक दाबून इंजिन जोराने फिरविण्याची ‘स्टॉल’ चाचणीही उपयुक्त आहे. परंतु ती पाच सेकंदांहून अधिक लांबवू नये, गाडीपुढे कोणी उभे राहू नये आणि उत्पादकाची मनाई असल्यास ती करूच नये.

दाबाची गळती सिद्ध झाली म्हणजे मगच गिअरबॉक्स उतरवावा. आत काय शोधावयाचे हे तोवर ठरलेले असते. पिस्टन बसविताना कापला गेलेला सीलचा ओठ, व्हॉल्व्ह बॉडीतून हरवलेली किंवा चुकीच्या घरात ठेवलेली पोलादी गोळी, फीलर गेजने न मोजलेली प्लेटांमधील फट आणि पुसण्याच्या फडक्याचा व्हॉल्व्हमध्ये अडकलेला धागा, ही नेहमीची कारणे. जुना टॉर्क कन्व्हर्टर वेल्ड केलेला असल्याने आतून धुता येत नाही. त्यातील चुरा नव्या गिअरबॉक्समध्ये परत येतो. कूलरच्या नळ्यांचेही तसेच. व्हॉल्व्ह बॉडी चढविण्यापूर्वी प्रत्येक क्लचच्या वाटेत बेताच्या दाबाची हवा सोडून ‘धप्प’ असा आवाज येतो काय हे ऐकले, तर फुटलेला सील टेबलावरच कळतो. पद्मिनीच्या काळात तयार झालेल्या कानाला येथे मात्र पुन्हा काम मिळते.

शासकीय वाहनांच्या दुरुस्तीची देयके ज्यांच्या टेबलावर येतात त्यांना यांपैकी काहीही स्वतः करावयाचे नसते. तथापि ‘गिअरबॉक्स सदोष, पुन्हा बांधणे आवश्यक’ एवढ्या एका ओळीवर मंजुरी देण्याऐवजी तेलाची स्थिती, दोषसंकेत, कोणत्या गिअरमध्ये घसरण झाली त्याची नोंद आणि दाबाचे आकडे प्रस्तावासोबत मागविता येतात. टॉर्क कन्व्हर्टर बदलला की जुनाच ठेवला, कूलर धुतला की नाही, हे देयकात स्वतंत्र लिहून घ्यावे. काढलेल्या प्लेटा आणि सील कार्यालयाने पाहीपर्यंत गॅरेजने फेकू नयेत.