बिलाचा ठसा

किराणा दुकानातून सामान आणले की दुकानदार आपल्याला बिल देतो. एका कारखान्याने दुसऱ्याला माल विकला की तोही बिल देतो. व्यापारी भाषेत त्याला ‘बीजक’ म्हणतात. आता एक प्रश्न. समोरचे बीजक खरे की बनावट हे कसे ओळखाल? कागद, शिक्का, सही या सर्वांची नक्कल करता येते. भारतात १ ऑक्टोबर २०२० पासून या अडचणीवर एक गणिती उपाय वापरात आला. त्याचे नाव ई-बीजक.

खोट्या बिलाने नुकसान कोणाचे?

समजा, एक कारखानदार लोखंडी कपाटे तयार करतो. त्याने १,००,००० रुपयांचा पत्रा घेतला. वस्तू व सेवा कराचा, म्हणजेच जीएसटीचा, दर शेकडा १८ धरला तर पत्रेवाल्याला त्याने १८,००० रुपये कर दिला. पुढे त्याने कपाटे १,५०,००० रुपयांना विकली व गिऱ्हाइकाकडून २७,००० रुपये कर घेतला. सरकारकडे त्याने किती भरायचे? २७,००० नव्हे! आधी दिलेले १८,००० वजा जाता उरलेले ९,००० रुपये. करावर पुन्हा कर बसू नये म्हणून ही वजावट असते.

ही वजावट मिळते ती पत्र्याच्या बीजकाच्या आधारे. पत्रा न घेताच कोणी खोटे बीजक दाखवले, तर सरकारी तिजोरीत कधी न आलेले १८,००० रुपये वजा होतात. तो पैसा शाळांचा, रस्त्यांचा, दवाखान्यांचा, म्हणजे तुमचा-आमचाच. उलट, पत्रेवाल्याने खऱ्या बीजकाची नोंद सरकारकडे केलीच नाही, तर प्रामाणिक कारखानदाराची वजावट अडकून पडते.

फोटो म्हणजे ई-बीजक नव्हे

बीजकाचा फोटो काढून पाठवला तर ते ई-बीजक होईल का? नाही. ई-बीजकात विक्रेता, खरेदीदार, माल, रक्कम, कर हे सारे तपशील सर्वांसाठी ठरवून दिलेल्या एकाच साच्यात लिहावे लागतात. त्यामुळे कोणाचाही संगणक ते वाचू शकतो. विक्रेता बीजक आपल्याच संगणकावर तयार करतो आणि सरकारमान्य नोंदणी पोर्टलकडे पाठवतो. पोर्टल ते तपासते. नंतर त्याला ६४ चिन्हांचा एक क्रमांक मिळतो आणि स्वाक्षरी केलेला एक क्यूआर कोड मिळतो. हा क्रमांक म्हणजे बीजकाच्या बोटाचा ठसाच!

ठसा कसा काढतात?

विक्रेत्याचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार, बीजकाचा क्रमांक आणि आर्थिक वर्ष या चार गोष्टी ‘एसएचए-२५६’ नावाच्या गणिती कृतीत घालतात. ही कृती त्यांना ६४ फेऱ्यांत ढवळून काढते. बाहेर पडते ते उत्तर म्हणजे ‘हॅश’.

हे समजण्यासाठी एक छोटी कृती कागदावर करू. बीजक क्रमांक ४७२५ घ्या. पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने व चौथ्याला ४ ने गुणा. ४ + १४ + ६ + २० = ४४. आता ४४ ला १३ ने भागा. बाकी ५. हा झाला आपला ठसा. आता पहिले दोन अंक उलटे करून ७४२५ घ्या. ७ + ८ + ६ + २० = ४१, बाकी २. अंक तेच, पण क्रम बदलताच ठसा बदलला!

मात्र आपल्या कृतीत ० ते १२ असे १३ च ठसे आहेत. खऱ्या हॅशमध्ये ६४ जागा असतात आणि प्रत्येक जागी १६ चिन्हांपैकी कोणतेही येऊ शकते. एकूण ठशांची संख्या लिहायला ७८ अंक लागतात! म्हणून दोन वेगळ्या बीजकांचा ठसा एकच येणे जवळजवळ अशक्य. तेच बीजक पुन्हा पाठवले, तर तोच ठसा येतो आणि पोर्टल ते नाकारते.

दोन किल्ल्यांची सही

पण थांबा! त्या चार गोष्टींत रक्कम कोठे आहे? कोणी मागाहून रकमेवर एक शून्य चढवले, तरी ठसा तोच राहील. यासाठी पोर्टलची डिजिटल सही असते. तिच्या दोन किल्ल्या. गुप्त किल्ली पोर्टलजवळ, जाहीर किल्ली सर्वांसाठी. गुप्त किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने कोणीही तपासू शकतो, पण तशी सही करू शकत नाही. क्यूआर कोडमध्ये दोघांचे जीएसटी क्रमांक, तारीख, एकूण रक्कम इत्यादी माहिती या सहीसह असते. त्यातला एक अंक जरी बदलला, तरी सही जुळत नाही.

डेन्मार्कमध्ये सरकारी खात्यांनी २००५ सालीच कागदी बीजके घेणे बंद केले. भारतात प्रारंभी ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्यांनाच हा नियम होता. १ ऑगस्ट २०२३ पासून ही मर्यादा ५ कोटींवर आली. आपल्या घरच्या किराणा बिलाला मात्र तो लागू नाही. व्यापाऱ्यांनी एकमेकांना दिलेल्या बीजकांसाठी तो आहे.

गणित काय सांगू शकत नाही?

बीजक नोंदलेले आहे आणि त्यात फेरफार झालेला नाही, एवढे गणित खात्रीने सांगते. पण पत्रा खरोखर ट्रकमध्ये चढला का? ते गणिताला दिसत नाही. दोघांनी संगनमत करून न विकलेल्या मालाचे बीजक नोंदवले, तर ठसाही येईल आणि सहीही जुळेल. तेथे गोदाम पाहणारा, हिशेब तपासणारा माणूसच हवा. मात्र नोंद झालेली असल्याने शोध कोठून सुरू करायचा, हे त्याला ठाऊक असते.

करून पाहा : वरील कृतीत बाकी ५ उरेल असा दुसरा चार अंकी क्रमांक शोधा. किती वेळ लागला? आता कोणतेही १४ वेगवेगळे क्रमांक घेतले, तर निदान दोघांचा ठसा सारखा येणारच. असे का? विचार करा.