सळ्या अजून किती वर्षं टिकतील?

प्रश्न : आमची सोसायटी अलिबागला समुद्रालगत आहे. ऑडिटच्या अहवालात 'हाफ-सेल : उणे ४०० मिलिव्होल्ट' असं लिहिलंय. सळ्या किती वर्षं टिकतील?

उत्तर : या आकड्यावरून वर्षं सांगता येत नाहीत. हाफ-सेल चाचणीत कॉपर-सल्फेट इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे वाचन आलं, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, एवढंच कळतं. गंजाच्या वेगासाठी 'लिनिअर पोलरायझेशन' चाचणी करून घ्या. तिच्यात गंजप्रवाह मिळतो. दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोअँपिअर म्हणजे वर्षाला साधारण ११.६ मायक्रॉन लोखंड गेलं. ०.१ च्या खाली असेल तर काळजी नको. पण खाऱ्या हवेत सळई सगळीकडून सारखी झिजत नाही. क्लोराइडने खड्डे पडतात, आणि खड्ड्याची खोली सरासरीच्या चार ते आठ पटही असते. त्यामुळे सरासरीला गुणून 'अजून २० वर्षं' असं छातीठोक सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. शिवाय काँक्रीटमधल्या ओलाव्याप्रमाणे आकडा बदलतो, म्हणून मे आणि ऑगस्ट अशा दोन्ही वेळी मोजा. कोअर काढून क्लोराइड सळईपर्यंत पोचलंय का, तेही तपासा. बाल्कनीच्या स्लॅबखाली सळईच्या रेषेत चीर दिसत असेल, तर मात्र चाचण्यांची वाट न बघता आधी टेकू लावून घ्या.