दुखापतीनंतर ट्रायथलॉनच्या सरावाकडे परतताना

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार ट्रायथलॉनमध्ये सलग करावे लागतात. ऑलिंपिक स्पर्धेत ही अंतरे अनुक्रमे १.५, ४० आणि १० किलोमीटर असतात. बंगळुरूमध्ये अनेक नागरिक नोकरी-व्यवसाय सांभाळून असा सराव करतात. दुखापतीनंतर पुन्हा सुरुवात करणाऱ्यांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी ही माहिती आहे.

दम आधी येतो, हाड नंतर

पाय दुखावला असतानाही पोहण्यामुळे हृदय व फुप्फुसांची क्षमता बऱ्याच अंशी टिकून राहते. हाडे आणि कंडरा मात्र आपल्या गतीनेच भरून येतात. अतिताणामुळे हाडाला गेलेली बारीक चीर भरण्यास सहसा सहा ते आठ आठवडे लागतात. खुब्याजवळच्या किंवा नडगीच्या पुढील बाजूच्या चिरेस अधिक काळ लागू शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर धावण्याइतका दम असला, तरी पाय त्यासाठी सिद्ध झालेला नसतो. पुन्हा होणाऱ्या दुखापतीचे मूळ पुष्कळदा या तफावतीत असते.

परतण्याचा क्रम

प्रथम डॉक्टरांची अनुमती घ्यावी. पायाच्या दुखापतीनंतर पुढील क्रम सामान्यतः सोयीचा ठरतो.

१. पोहणे : जखम पूर्ण भरल्यावरच पाण्यात उतरावे. गुडघा दुखावला असल्यास बेडकासारखे पाय मारण्याचा प्रकार टाळावा. खांद्याच्या दुखापतीत मात्र पोहणे आरंभी ठेवू नये.

२. सायकल : घरातील स्थिर सायकलीवर किंवा सपाट रस्त्यावर, हलक्या गिअरमध्ये सुरुवात करावी. नंदी हिल्सचा चढ शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवावा.

३. धावणे : अर्धा तास भरभर चालूनही वेदना होत नसेल, तरच सुरू करावे. एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे, असे एक दिवसाआड करावे. खाचखळग्यांचे पदपथ टाळून कब्बन पार्कसारखी मोकळी, सपाट वाट निवडावी.

सायकलीवरून उतरताच धावण्याचा सराव सर्वांत शेवटी घ्यावा. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नयेत.

दुसऱ्या दिवसाची सकाळ

सरावाच्या वेळी शरीर तापलेले असते, त्यामुळे त्या वेळचा अंदाज फसवा ठरू शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावले टाकताना काय जाणवते, ते वहीत नोंदवावे. वेदना वा सूज वाढली असल्यास विश्रांती घेऊन एक टप्पा मागे यावे. हाडाच्या दुखापतीत किंचितही वेदना सहन करत धावू नये. वेदनाशामक गोळी घेऊन सराव करू नये. त्यामुळे इशारा झाकला जातो आणि शरीरात पाणी कमी असताना काही गोळ्यांमुळे मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

कुटुंबीयांसाठी

वजन घटवण्यासाठी या काळात उपाशी राहणे हाडांना अपायकारक असते. डाळी, दूध, नाचणी, अंडी असा पुरेसा आहार द्यावा. सराव करणाऱ्या मुलीची वा स्त्रीची पाळी तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. ‘स्पर्धेत केव्हा उतरणार?’ असे विचारण्याऐवजी ‘आज सकाळी पाय कसा होता?’ असे विचारावे.

तातडीने डॉक्टरांकडे जावे

• पायावर भार देताच जांघेत वेदना होणे
• हाडावर एकाच ठिकाणी बोट टेकताच दुखणे, अथवा रात्री वेदनेने जाग येणे
• पोटरी सुजणे, गरम वा लाल होणे
• सायकलीवरून पडून डोक्याला मार लागणे

छातीत दुखू लागल्यास, अचानक धाप लागल्यास किंवा शुद्ध हरपल्यास विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

स्पर्धा दरवर्षी होतात. एखादी हुकली तर पुढची मिळते. अर्धवट भरलेले हाड पुन्हा मोडले, तर मात्र सारा क्रम आरंभापासून करावा लागतो.