दुचाकीस्वाराचे नेत्ररक्षण : निदानपरिवर्जनाचा विचार

नेत्ररोगात आश्च्योतन, अंजन, तर्पण यांची योजना आपण करतोच. परंतु निदानपरिवर्जनाकडे दुर्लक्ष झाल्यास उपशय टिकत नाही. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगताना धूम व अभिघात हे हेतू मानले आहेत. माधवनिदानात रज, म्हणजे धूळ, हाही हेतू आला आहे. दुचाकीस्वारास हे तिन्ही हेतू एकाच रस्त्यावर भेटतात. शिवाय समोरचा वारा अश्रू सुकवून नेत्रांची रूक्षता वाढवितो. म्हणून डोळे लाल होणे, खुपणे, पाणी येणे अशा तक्रारी वारंवार घेऊन येणाऱ्या रुग्णास त्याचा रोजचा प्रवास व चष्मा यांविषयी अवश्य विचारावे, असे आम्ही सुचवितो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ ने शिरस्त्राण सक्तीचे केले आहे. चष्मा मात्र स्वाराच्या मर्जीवर आहे. साहजिकच हा सल्ला वैद्यानेच द्यावयाचा आहे.

चष्मा निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) भिंग : साध्या काचेचे भिंग आघाताने फुटून तिचेच तुकडे नेत्रात शिरू शकतात. पॉलिकार्बोनेटचे भिंग घ्यावे. ‘झेड ८७+’ ही खूण अमेरिकी मानकातील आघातचाचणीची आहे. तीत ६.३५ मि.मी. व्यासाची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने चष्म्यावर मारतात. ताशी ६० कि.मी. वेगाचा स्वार सेकंदाला सुमारे १७ मीटर जातो, हे लक्षात घेता या चाचणीचे मोल कळेल.

२) रंग : गडद रंग म्हणजे संरक्षण नव्हे. अतिनील किरण न अडविणाऱ्या गडद भिंगामागे बाहुली विस्फारते व ते किरण अधिक प्रमाणात आत जातात. ‘यूव्ही ४००’ असा उल्लेख पाहावा. दिवसा मध्यम गडद भिंग चालते. चौथ्या श्रेणीचे अतिगडद भिंग वाहन चालविताना वर्ज्य आहे. रात्री पारदर्शक भिंगच वापरावे. पिवळ्या भिंगानेही रात्री प्रकाश कमीच पोहोचतो.

३) ठेवण : कडेने वारा व धूळ येणार नाही असा, चेहऱ्यास लगटून बसणारा चष्मा घ्यावा. काड्या बारीक व सरळ असाव्यात, म्हणजे शिरस्त्राण घालताना कानाशी टोचत नाहीत. खरेदीला जाताना शिरस्त्राण सोबत न्यावे.

४) निगा : पॉलिकार्बोनेटवर ओरखडे लवकर पडतात. धूळ आधी पाण्याने धुऊन मगच मऊ कापडाने पुसावे. ओरखडलेले भिंग समोरच्या दिव्यांचा प्रकाश विखुरते, ते बदलावे.

चष्म्याच्या मर्यादाही ओळखाव्यात. तर्पणानंतर वारा व तेजस्वी प्रकाश वर्ज्य सांगितले आहेत. त्यामुळे अशा रुग्णास चष्मा लावूनही स्वतः दुचाकी चालवीत घरी जाऊ देऊ नये. सोबत कोणास तरी बोलवावे. तीक्ष्ण अंजनानंतर दृष्टी स्वच्छ होईपर्यंत हाच नियम पाळावा.

औषधालयचालकांस विशेष विनंती आहे. “गाडीवर डोळ्यात काहीतरी गेले” म्हणून कोणी थेंब मागितल्यास प्रथम डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने धुवावयास सांगावे. खुपणे कायम राहिल्यास, दृष्टी अंधुक झाल्यास किंवा वेगाने काही आदळले असल्यास थेंब न देता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. कृष्णमंडलात रुतलेले शल्य थेंबांनी निघत नाही; विलंबाने मात्र व्रण होऊन दृष्टी गमावण्याची वेळ येते.