तंबोऱ्याची घडण : लाकडापासून नादापर्यंत

लाकूड सरळ कापणे, रंध्याने ते सपाट करणे, गुण्या लावून काटकोन साधणे आणि दोन फळ्यांची सांध केसभरही उघडी राहू न देणे, ही कामे चांगल्या सुताराला अवगत असतात. टेबल किंवा कपाट करताना एवढ्या ज्ञानावर भागते. परंतु तोच सुतार तंबोरा घडविण्यास शिकू लागला, म्हणजे येथे सरळ रेषा व काटकोन फार थोडे आहेत, असे त्याच्या ध्यानात येते. शिवाय काम साधले की बिघडले, याचा अखेरचा निवाडा डोळा करीत नाही. तो कान करतो. अशा शिकाऊ कारागिराला कोणते टप्पे ओलांडावे लागतात आणि त्या प्रत्येकामागे पदार्थविज्ञानाचा कोणता नियम उभा असतो, हे आता क्रमाने पाहू.

मिरजेची परंपरा

महाराष्ट्रातील मिरज हे गाव तंतुवाद्यांसाठी भारतभर प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास येथील शिकलगार घराण्यांनी हा धंदा हाती घेतला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर. संस्थानी काळ पालटला, हत्यारांची मागणी ओसरली, तेव्हा त्यांनी आपले कसबी हात वाद्यांकडे वळविले. फरीदसाहेब हे या परंपरेचे आद्य कारागीर मानले जातात. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. येथील विद्या मुख्यतः पोथीतून नव्हे, तर पित्याकडून पुत्राकडे आणि वस्तादाकडून शिकाऊ मुलाकडे कामाच्या जागीच जात आली आहे.

भोपळा आणि लाकूड

तंबोऱ्याचा खालचा गोल भाग भोपळ्याचा असतो. त्यासाठी खाण्याचा भोपळा चालत नाही. जाड सालीचा कडू भोपळा लागतो. पंढरपूर व मंगळवेढे या बाजूस तो पिकविला जातो. पुरता वाळलेला भोपळा पाण्यात भिजवून नरम करतात, त्याचे तोंड कापून आतील गर व बिया काढून टाकतात आणि आत काटक्यांचा आधार देऊन, हवा तो आकार राखून पुन्हा वाळवितात. निसर्गात कोणतेही दोन भोपळे सारखे नसतात. म्हणून ठरलेल्या मापाचे लाकूड कापून ठेवणे येथे शक्य नसते. हाती आलेल्या भोपळ्याप्रमाणे बाकीच्या भागांची मापे बसवावी लागतात. सुताराच्या सवयीला बसणारा हा पहिला धक्का होय.

दांडी, गळा व तबली यांसाठी तूण वृक्षाचे लाकूड वापरतात. ते वजनाने हलके, कापण्यास सुलभ आणि तांबूस रंगाचे असते. ते चांगले मुरलेले असावे लागते. लाकडातील ओल निघून जाऊ लागली, की ते आकसते. परंतु सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. रेषांच्या लांबीच्या दिशेने हे आकुंचन जवळजवळ नसतेच. आडव्या दिशेने मात्र ते चांगलेच जाणवते. ओले लाकूड घाईने वापरले, तर काही महिन्यांनी दांडी वाकते, सांधे सुटतात आणि सारी मेहनत वाया जाते.

तबली

भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर जी किंचित फुगीर फळी बसवितात, तिला तबली म्हणतात. तार स्वतः फार बारीक असल्याने ती हवेला पुरेसा धक्का देऊ शकत नाही. तारेची कंपने घोडीवाटे तबलीत उतरतात. तबलीचे क्षेत्रफळ मोठे असल्यामुळे ती हवेचा मोठा भाग हालविते आणि आतील पोकळीतील हवाही तिला साथ देते.

तबली जाड राहिली, तर ती सहज कंप पावत नाही व आवाज कोंडतो. फार पातळ झाली, तर तारांच्या दाबाखाली ती खचते. म्हणून कारागीर थोडे तासतो, बोटाने ठोकून ऐकतो आणि पुन्हा थोडे तासतो. एकदा काढलेले लाकूड परत चिकटविता येत नाही. यास्तव कोठे थांबावे, हे शिकणे हाच या टप्प्यावरील खरा अभ्यास होय.

तारांचे गणित

तंबोऱ्याला बहुधा चार तारा असतात. पहिली मंद्र पंचमात, मधल्या दोन जोडीच्या तारा षड्जात आणि चौथी, म्हणजे खर्ज, त्याच्या खालच्या सप्तकातील षड्जात मिळवितात. मेर्सेन या फ्रेंच विद्वानाने 1636 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तारेचे नियम मांडले आहेत. लांबी निम्मी केली, तर कंपनसंख्या दुप्पट होते. ताण चौपट केला, तरीही ती दुप्पट होते. आणि दर हात लांबीतील तारेचे वजन चौपट केले, तर ती निम्मी होते.

तंबोऱ्याच्या चारही तारांची लांबी जवळजवळ सारखीच असते. मग खर्ज एक सप्तक खाली कसा उतरतो? ताण तोच ठेवला, तर तारेचे वजन चौपट हवे, म्हणजे धातू एकच असल्यास जाडी दुप्पट हवी. खर्जासाठी जाड पितळी तार घेतात, ती यामुळेच. पितळ पोलादापेक्षा काहीसे जडही असते. उरलेला फरक ताण कमी करून भरून काढतात.

जवारी

आता सर्वांत अवघड काम येते. घोडीचा माथा धारदार नसून रुंद व अतिशय मंद उताराचा असतो. तार त्या उतारावर सुटताना त्याला हलकेच घासत कंप पावते. तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सारतात आणि तो मागेपुढे करून नाद खुला होण्याची जागा शोधतात. या घडणीला जवारी म्हणतात. घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत व सांबरशिंग वापरीत. त्यांच्या व्यापारास आता कायद्याने बंदी असल्याने उंटाचे हाड, काळे लाकूड वा कृत्रिम द्रव्ये वापरतात.

या नादाचे कोडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यास अभ्यासिले व 1921 साली त्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उमटत नाहीत, असा यंग यांचा नियम आहे. तंबोरा व वीणा यांच्या बाबतीत तो पाळला जात नाही, असे रामन यांना आढळले. घोडीच्या उतारावर तार प्रत्येक कंपनात पुनःपुन्हा टेकते आणि त्यामुळे वरचे उपस्वर सतत जागे होत राहतात.

खर्जाची कंपनसंख्या 100 धरली, तर उपस्वर 200, 300, 400, 500 असे येतात. यांपैकी 300 व 200 यांचे प्रमाण 3 : 2, म्हणजे पंचम; 500 व 400 यांचे 5 : 4, म्हणजे शुद्ध गांधार. एकही तार गांधारात मिळविलेली नसताना जुळलेल्या तंबोऱ्यातून गांधार ऐकू येतो, त्याचे कारण हे असे आहे.

जवारीसाठी कानशीचा एक घास अधिक झाला, तर नाद खरखरतो वा मुका होतो आणि माथा पुन्हा आरंभापासून घासावा लागतो. तारांच्या घर्षणाने त्यावर चरे पडतात, म्हणून जुन्या तंबोऱ्यालाही वेळोवेळी जवारी काढून घ्यावी लागते. नवीन वाद्ये थोडी विकली गेली, तरी जवारी जाणणाऱ्या माणसाची गरज संपत नाही. असा माणूस उरला नाही, तर घरोघरचे उत्तम तंबोरे हळूहळू मुके होतील.

करून पाहा

साध्या घोडीवर ताणलेली एक तार घ्यावी. ती बरोबर मध्यभागी छेडावी आणि लगेच त्याच बिंदूला बोट हलकेच लावावे. तार जवळजवळ गप्प होईल. कारण मध्यावर छेडल्यास 200, 400 हे उपस्वर उमटत नाहीत आणि बाकीचे बोटाने थांबतात. आता हीच कृती जवारी लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जावर करावी. बोट लावल्यावरही वरच्या सप्तकातील षड्ज ऐकू येत राहील.

रामन यांनी हे नियमाच्या भाषेत मांडले, त्याच्या कितीतरी आधीपासून कारागीर ते कानाने ओळखीत आले होते. शास्त्राने कारण सांगितले. परंतु धागा नेमका कोठे सारावा, हे आजही प्रत्येक शिकाऊ माणसाला वस्तादाच्या शेजारी बसून, ऐकत ऐकतच शिकावे लागते.