सर्व्हरवरील कर्नल बदलताना

लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ साली ज्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, तो लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल होय. प्रोसेसर, स्मृती व डिस्क यांचा सारा कारभार त्याच्या हाती असतो. सुरळीत चालणाऱ्या सर्व्हरला हात लावण्यास कार्यालये कचरतात, हे स्वाभाविकच. परंतु ‘डर्टी काऊ’ हा दोष २००७ पासून कर्नलमध्ये दडून होता. २०१६ च्या ऑक्टोबरात तो उघडकीस आला, तेव्हा साध्या वापरकर्त्यासही त्याद्वारे रूटचे अधिकार बळकावता येत असल्याचे दिसून आले.

डेबियनसारख्या प्रणालीत नवा कर्नल जुन्याच्या शेजारी बसतो. जुना लगेच पुसला जात नाही. हीच मोठी सोय. यंत्र नव्या कर्नलवर सुरू न झाल्यास ग्रबच्या यादीतून जुना निवडता येतो. मात्र सर्व्हर दूरगावी असेल, तर ती यादी पडद्यावर दिसण्याची तजवीज आधीच करावयास हवी. ही गोष्ट बहुधा मध्यरात्री आठवते. तसेच बूट विभागात पुरेशी जागा आहे काय, हे प्रथम पाहावे. ती नसल्यास इनिटरॅमएफएस ही आरंभीची फाइल पूर्ण तयार होत नाही आणि मूळ डिस्क न सापडून यंत्र वाटेतच थांबू शकते.

कर्नल बसविला म्हणजे तो लागू झाला, असे नव्हे. यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत जुनाच चालू राहतो. म्हणून त्यानंतर ‘यूनेम -आर’ ही आज्ञा देऊन आवृत्ती ताडून पाहावी व मगच जुन्या प्रती काढाव्यात, त्यांतीलही एक राखून.