मतदारयादींतील नांव

नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत ‘मताधिकार’ हा शब्द आपण वाचतां. अठरा वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येक भारतीय नागरिकास मत देण्याचा हक्क आहे, असें उत्तर लिहिल्यास परीक्षेंत गुणहि मिळतात. परंतु मतदान केंद्राच्या दारांत तेवढें उत्तर पुरत नाहीं. तेथें निराळाच प्रश्न विचारला जातो: ‘यादींत नांव आहे काय?’ ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

एक प्रत्यक्ष घडलेलें उदाहरण घेऊं. 2024 सालच्या जून महिन्यांत माझें बिऱ्हाड इंदापुराहून बारामतीस आलें. लोकसभेच्या दृष्टीनें हे दोन्ही तालुके एकाच बारामती मतदारसंघांत मोडतात. विधानसभेच्या दृष्टीनें मात्र इंदापूर हा 200 क्रमांकाचा व बारामती हा 201 क्रमांकाचा असे दोन स्वतंत्र मतदारसंघ आहेत, आणि प्रत्येकाची यादी निराळी आहे. म्हणून आम्हां उभयतांनीं स्थलांतराचे, म्हणजे नमुना क्रमांक 8 चे, अर्ज पुराव्यासह दिले व पोंच घेतली. दोन्ही अर्ज मंजूर झाल्याचेंहि आम्हांस सांगण्यांत आलें.

20 नोव्हेंबर 2024 रोजीं विधानसभेचें मतदान होतें. तासभर रांगेंत उभें राहिल्यावर आमची पाळी आली. पत्नीचें नांव निघालें व तिच्या बोटास शाई लागली. माझें नांव मात्र दोनदां यादी चाळूनहि सांपडेना. ओळखपत्र दाखविलें, पोंच दाखविली. केंद्राध्यक्ष सौजन्यानें बोलले, परंतु त्यांचा नकार कायम राहिला. नांव कदाचित् इंदापुरासच असेल, ह्या आशेनें दुपारच्या एस. टी. नें मी जुन्या केंद्रावर गेलों. तेथील यादींत नांव होतें, परंतु तें वगळल्याची खूण त्यावर होती. एके ठिकाणीं खोडण्याचें काम झालें आणि दुसऱ्या ठिकाणीं लिहिण्याचें राहिलें! वीस वर्षें न चुकतां मत देणारा मनुष्य त्या दिवशीं दोन्ही तालुक्यांत मिळून कोठेंच मतदार नव्हता. कोऱ्या बोटानें घरीं परततांना मनास फार क्लेश झाले.

अशा वेळीं पहिला राग समोर बसलेल्या अधिकाऱ्याचा येतो. परंतु 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचें 62 वें कलम असें आहे कीं, ज्याचें नांव यादींत नाहीं त्यास मत देतां येत नाहीं. ओळखपत्रानें मनुष्य तोच आहे एवढेंच सिद्ध होतें. मत देण्याचा अधिकार यादीनें मिळतो. शिवाय 1950 च्या कायद्याप्रमाणें उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यापासून निवडणूक पुरी होईपर्यंत यादींत फेरफार करितां येत नाहीं. त्या निवडणुकींत ही मुदत 29 ऑक्टोबर रोजीं संपली. म्हणजे दारांत मिळालेला नकार तीन आठवडे आधींच ठरून गेला होता.

हा नियम कठोर वाटतो खरा. परंतु केंद्राध्यक्षास ऐन वेळीं नांवें लिहिण्याची मुभा असती, तर जो गांवांत बलिष्ठ त्याच्याच माणसांचीं नांवें लिहिलीं गेलीं असतीं. दोष नियमाचा नव्हे. कचेरींत अर्धें राहिलेल्या कामाचा होय.

यादींतील नांवाचें महत्त्व इतिहासानेंहि दाखविलें आहे. पूर्वीं मुंबई इलाख्यांत मताधिकारास जमीनमहसूल, कर किंवा शिक्षण यांच्या अटी असत. स्वतंत्र भारतानें त्या काढून टाकिल्या व 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं सतरा कोटींहून अधिक मतदारांची यादी सिद्ध झाली. त्या वेळीं अनेक स्त्रियांनीं स्वतःचें नांव न सांगतां ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची पत्नी’ अशी नोंद करविली; विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत हें फार घडलें. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशा नोंदी मान्य केल्या नाहींत, आणि सुमारें 28 लक्ष स्त्रियांचीं नांवें यादींतून गळलीं. हक्क होता, नांव नव्हतें.

ह्याच्या उलट प्रकार आपल्या भागांत दिसतो. कार्तिकाच्या सुमारास बीडकडील ऊसतोड मजूर आपल्या कारखान्यांवर येतात. तात्पुरतें बाहेर गेल्यानें कोणाचा मूळ रहिवास नष्ट होत नाहीं, असें कायदा म्हणतो. म्हणून त्यांचीं नांवें गांवच्या यादींत शाबूत असतात. परंतु हंगामांत मतदान आलें म्हणजे नांव तेथें आणि माणूस येथें! मजुरी बुडवून व भाडें खर्चून जो जाऊं शकेल त्याचेंच मत पडतें. सैनिकांस टपालानें मत पाठवितां येतें. ह्या मजुरांस ती सोय नाहीं.

आतां कर्तव्याचा विचार करूं. सतरा वर्षें पूर्ण होतांच नमुना क्रमांक 6 चा अर्ज आगाऊ देतां येतो; अठरावें वर्ष पूर्ण झाल्यावर 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै व 1 ऑक्टोबर यांपैकीं पुढील तारखेच्या आधारें नोंद होते. अर्ज नाकारला गेल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे व त्यानंतर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करितां येतें. नांव असूनहि आपल्या नांवानें दुसराच कोणी मत देऊन गेला असल्यास निमूटपणें परतूं नये. ओळख पटल्यावर निराळी मतपत्रिका मागण्याचा हक्क आहे. तिला प्रदत्त मत म्हणतात. ती वेगळ्या पाकिटांत ठेवितात व नेहमींच्या मोजणींत धरीत नाहींत. तरी पुढें न्यायालयांत वाद निघाल्यास ती पुराव्यास राहते.

परंतु सर्वांत मुख्य गोष्ट ही कीं, पोंच म्हणजे नोंद नव्हे. निवडणुकीनंतर मीं नवा अर्ज दिला; तेव्हां मंजुरीच्या निरोपावर न थांबतां छापील यादींत आपलें नांव डोळ्यांनीं पाहिलें व मगच कागद कपाटांत ठेविला. प्रारूप यादी प्रसिद्ध होते ती हरकती व दुरुस्त्या यांच्यासाठींच. ज्या घरीं वडील माणसांस वाचतां येत नाहीं, त्या घरीं हें काम शाळेंत जाणाऱ्या मुलाचें आहे. त्यानें यादी मिळवावी, आजीचें, आईचें, वडिलांचें नांव शोधावें, अक्षर चुकलें असल्यास कळवावें, आणि बदलीनें किंवा लग्नानें कोणी गांव सोडलें असल्यास दोन्हीं गांवच्या याद्या पाहाव्या. मत देण्याचें वय झालेलें नसतांहि घरांतील मतदारांचा हक्क राखण्याचें काम विद्यार्थ्यास आजच करितां येण्यासारखें आहे.